रोजच्या जगण्याचा ब्लॉग: उघडण्यापूर्वी आणि उघडल्यानंतर

सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेबनीस आहे आणि गेली बारा-तेरा वर्षे, संध्याकाळी घरी आल्यावर, दिवसभरात पाहिलेल्या एखाद्या लहानशा गोष्टीवर ब्लॉग लिहितो. ओळखीतले कोणी ना कोणी महिन्या-दोन महिन्यांनी विचारतेच की असे काही सुरू करायचे असेल तर नेमके काय करावे लागते. ब्लॉग उघडायला पंधरा मिनिटे पुरतात, पण त्या पंधरा मिनिटांत घाईने घेतलेले दोन-तीन निर्णय पुढची अनेक वर्षे छळतात, असा माझा अनुभव आहे. त्यातले बहुतेक मी चुकीचे घेतले होते. तुमचा तेवढा त्रास वाचावा म्हणून सगळे क्रमाने लिहून काढले आहे.

आधी जवळ असाव्यात अशा गोष्टी: केवळ या कामासाठी काढलेला स्वतंत्र ईमेल, ओटीपी येणारा स्वतःच्या नावावरचा मोबाइल क्रमांक, युनिकोड मराठी कळफलक असलेला फोन किंवा संगणक, एक साधी वही आणि एक पेन ड्राइव्ह. ब्लॉगसाठी स्वतःच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता (डोमेन) विकत घ्यायचा असेल तर ऑनलाइन पैसे भरण्याची सोय आणि ओळखपत्रावर आहे तसेच लिहिलेले नाव व पत्ता. कॅमेरा, लॅपटॉप किंवा महागडा फोन यांपैकी कशाचीही सुरुवातीला गरज नाही. माझी पहिली दोन वर्षे कारखान्याच्या जुन्या संगणकावर, सुट्टीनंतरच्या अर्ध्या तासात गेली.

१. आधी वहीत दहा नोंदी लिहा

ब्लॉग उघडण्यापूर्वी दहा नोंदी कागदावर लिहून पाहा आणि त्या पूर्ण होईपर्यंत इंटरनेटकडे वळू नका. बहुतेक नवे लेखक नाव, रंग आणि चित्रपट्टी ठरवण्यात आठवडा घालवतात, "माझ्या ब्लॉगवर तुमचे स्वागत आहे" एवढी एक नोंद टाकतात आणि थांबतात. दहा नोंदी हाताशी असतील तर पहिले दोन-तीन महिने निभावतात, आणि तेवढ्या काळात लिहिण्याची सवय लागते की नाही हेही कळते.

विषय मोठा घेऊ नका. "शहरातील पाणीप्रश्न" या विषयावर वर्तमानपत्रात रोज छापून येते आणि त्यात तुमचे असे काही नसते. उलट, चार-पाच दिवसांनी पाण्याची पाळी आलेली असताना पहाटे गल्लीत पहिल्या मोटरचा आवाज येतो, मग एकामागोमाग दिवे लागतात, नळीतून आधी फुसफुसत हवा येते, नंतर पातेलेभर गढूळ पाणी जाते आणि ते स्वच्छ झाले की बॅरलमध्ये नळी सोडून बायका उंबऱ्यावर बसून राहतात, हे तुम्ही स्वतः पाहिलेले असते. ते लिहा. किती बॅरल भरले, कोणाची मोटर बंद पडली, त्या दिवशी कामावर जायला किती उशीर झाला, असे तपशील त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा; दोन दिवसांनी आठवून लिहिले की त्यांच्या जागी "खूप", "फार", "अतिशय" असे शब्द येऊन बसतात.

गड्ड्याच्या यात्रेवर, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेवर, दर जानेवारीत शेकडो लोक लिहितात. त्याच गर्दीत तुम्हाला फक्त होम मैदानाच्या कडेला बसून तुटलेल्या चपला शिवणारा माणूस दिसला असेल, तर तुमची नोंद त्याच्यावर असू द्या आणि नंदीध्वजांचे वर्णन एका वाक्यात आटपा.

२. मराठी टंकलेखन एकदाच नीट शिका

या पायरीवर मी सर्वाधिक वेळ घालवायला सांगेन, कारण इथली चूक पुढे प्रत्येक ओळीत दिसते.

पहिला सापळा जुन्या फॉन्टचा आहे. लग्नपत्रिका आणि हँडबिले करणाऱ्या डीटीपीच्या दुकानांत आजही श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा पद्धतींत टंकलेला मजकूर असतो. त्यांच्या जुन्या प्रकारच्या फॉन्टांत पडद्यावर "क" दिसत असला तरी संगणकाच्या लेखी ते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते, त्यामुळे तो मजकूर ब्लॉगवर चिकटवला की वाचकाला निरर्थक चिन्हांची रांग दिसते आणि शोधयंत्रालाही त्यात मराठी सापडत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, म्हणून तो मजकूर कोणत्याही फोनवर तसाच उमटतो. जुने लेखन रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणता येते, परंतु त्यानंतर ओळ न् ओळ तपासावी लागते. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे हमखास हलतात.

टंकण्याच्या पद्धती मुख्यतः दोन आहेत. रोमन अक्षरांत उच्चार लिहून मराठी मिळवणे सोपे वाटते, मात्र त्यात यंत्र शब्दाचा अंदाज बांधते आणि तो अंदाज अनेकदा हिंदीकडे झुकतो. इनस्क्रिप्ट या प्रमाणित कळफलकात डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने असतात. तो विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइडवर वेगळा खर्च न करता मिळतो. मला तो बोटांत बसायला तीन आठवडे लागले. घाई नसेल तर तोच शिका, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठीच्या खास खुणा कशा काढायच्या हे पहिल्याच आठवड्यात पाहून घ्या. "आचार्यांना जेवण वाढले" आणि "आचाऱ्यांना जेवण वाढले" या दोन वाक्यांत पंगतीला बसलेली माणसे वेगळी आहेत. दुसऱ्या वाक्यातला अर्धा र इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, त्यानंतर पाय मोडण्यासाठी डी आणि मग य अशा क्रमाने मिळतो. तसेच "ॲप" या शब्दातला ॲ हे एकच स्वतंत्र अक्षर आहे आणि ते युनिकोडमध्ये २००८ साली आले. अ वर चंद्र चढवून केलेली जोडणी काही फोनांवर टिंबांच्या वर्तुळासह फुटते.

शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ आणि १९७२ सालचे मिळून अठरा नियम पुरेसे आहेत. ते छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा. बोलीची भीती मात्र बाळगू नका, कारण माणसाच्या तोंडचे वाक्य त्याच्या बोलण्याप्रमाणे लिहायला कोणाचीच मनाई नाही. आमच्या गल्लीत एकाच नळावर "पाणी", "नीळ्ळु" आणि "नीरु" हे तिन्ही शब्द ऐकू येतात. तेलुगू किंवा कन्नड वाक्य लिहायचे असेल तर त्या भाषेच्या माणसाकडून ते देवनागरीत लिहून घ्या आणि अर्थ पुढच्याच वाक्यात ओघाने येऊ द्या.

३. जागा निवडा

मोफत पर्यायांत ब्लॉगर आणि वर्डप्रेस डॉट कॉम ही दोन नावे सतत कानावर येतील. ब्लॉगर १९९९ साली सुरू झाला आणि २००३ पासून तो गूगलकडे आहे. गूगलचे खाते असले की पुरते आणि पुढे विकत घेतलेला स्वतःचा पत्ता त्याला कोणतेही शुल्क न भरता जोडता येतो. वर्डप्रेस डॉट कॉमवर मांडणी अधिक देखणी मिळते, पण मोफत योजनेत तुमच्या लेखाशेजारी त्यांच्या जाहिराती येतात आणि स्वतःचा पत्ता जोडण्यासाठी सशुल्क योजना घ्यावी लागते. तिसरा मार्ग म्हणजे वर्डप्रेस ही मुक्त प्रणाली स्वतः भाड्याने घेतलेल्या होस्टिंगवर (इंटरनेटवरच्या साठवणजागेवर) चढवणे. त्यात पूर्ण मोकळीक असते, मात्र सुरक्षेची अद्यतने, प्लगइन (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रणाली) आणि दरवर्षीचे भाडे ही कामे कायमची गळ्यात पडतात.

नवख्या माणसाने पहिले वर्ष ब्लॉगरवर काढावे. दिसायला तो जुनाट आहे, ही तक्रार खरी आहे. तरीही अक्षर मोठे, पार्श्वभूमी पांढरी आणि बाजूच्या पट्ट्या काढून टाकलेल्या, एवढे केले की वाचणाऱ्याची काही अडचण होत नाही.

४. पत्ता स्वतःच्या नावावर घ्या

स्वतःचा डोमेन घेतला तर उद्या ब्लॉगर सोडून दुसरीकडे गेलात तरी वाचकाला पत्ता तोच राहतो. डॉट इन किंवा डॉट कॉमसाठी वर्षाला साधारण ७०० ते १,५०० रुपये धरून चाला. पहिल्या वर्षी ९९ रुपये अशी जाहिरात दिसली, तर नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरांत कुठे लिहिला आहे ते आधी शोधा.

इथे माझी फजिती सांगतो. माझा पहिला पत्ता मी एका ओळखीच्या वेबसाइटवाल्याकडून घेतला. पैसे मी दिले, पण नोंदणी त्याने स्वतःच्या ईमेलवर केली आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही. तिसऱ्या वर्षी तो गाव सोडून गेला, नूतनीकरणाची पत्रे त्याच्या न उघडलेल्या टपालात पडून राहिली, मुदत उलटली आणि एका सकाळी माझ्या पत्त्यावर कोणत्या तरी परदेशी जुगाराची जाहिरात झळकू लागली. लेख ब्लॉगरवर सुरक्षित होते, परंतु लोकांनी ठिकठिकाणी दिलेले दुवे सगळे त्या जुगाराच्या दारात जात होते. म्हणून नोंदणी स्वतःच्या हाताने करा, नोंदणीधारक म्हणून स्वतःचे खरे नाव घाला, स्वयंचलित नूतनीकरण चालू ठेवा आणि तरीही मुदतीच्या महिनाभर आधीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवा. "तुमचा डोमेन आज बंद होत आहे" असा धाक घालणारे ईमेल आले तर त्यातल्या दुव्यावर न जाता ज्या कंपनीकडे नोंदणी केली तिच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन खात्री करा.

देवनागरीतला पत्ताही मिळतो. २०१४ पासून डॉट भारत हा प्रत्यय उपलब्ध आहे. तो हौसेने घ्यायला हरकत नाही, पण अनेक ऑनलाइन अर्जांत असा पत्ता स्वीकारला जात नाही, त्यामुळे सोबत रोमन पत्ता ठेवावा लागतो.

५. मांडणीतली चार कामे

खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक खूण विचारली जाईल. ब्लॉगची भाषा मराठी निवडा; तसे केल्याने, योग्य फॉन्ट असल्यास, ल आणि श यांची मराठी वळणे उमटतात, अन्यथा हिंदीची दिसतात. वेळक्षेत्र भारतीय वेळेवर आहे ना ते पाहा, नाहीतर संक्रांतीच्या सकाळी टाकलेल्या नोंदीवर भोगीची तारीख पडते. फॉन्टसाठी मुक्ता, नोटो किंवा तिरो देवनागरी मराठी यांपैकी कोणताही घ्या, तिन्ही मोफत आहेत.

ओळींतले अंतर इंग्रजीसाठी ठेवतात त्यापेक्षा जास्त, म्हणजे अक्षराच्या उंचीच्या १.६ ते १.८ पट ठेवा, कारण आपल्याकडे मात्रा वर आणि उकार खाली जातात. तयार साच्यांत शीर्षकाच्या अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडलेली असते. इंग्रजीत ती शोभते आणि देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे करते. ती शून्यावर आणा.

६. नोंद प्रसिद्ध करताना

शीर्षकात काय आहे ते सांगा. "आठवणी" या नावाच्या माझ्याच पाच नोंदी आहेत आणि त्यांपैकी कोणती कशाची हे आता मलाही उघडल्याशिवाय कळत नाही. "कडक भाकरी महिनाभर कशी टिकते" असे शीर्षक दिले तर शोधणाऱ्याला ते सापडते.

पुढचा सापळा दुव्याचा आहे. ब्लॉगर नोंदीचा दुवा शीर्षकातल्या रोमन अक्षरांवरून बनवतो, त्यामुळे शुद्ध मराठी शीर्षक असले की प्रत्येक दुव्यात केवळ "ब्लॉग-पोस्ट" आणि एखादा आकडा येतो. वर्डप्रेस देवनागरी जशीच्या तशी घेतो, पण तो दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला की प्रत्येक चिन्हाचे नऊ रोमन चिन्हांत रूपांतर होते. "सोलापूर" हा शब्द मात्रा धरून सात चिन्हांचा आहे. त्याची ६३ चिन्हे होतात आणि समोरचा माणूस व्हायरसच्या भीतीने दुवा उघडत नाही. यावर उपाय एकच: प्रसिद्ध करण्यापूर्वी पर्मालिंकच्या (नोंदीच्या कायमच्या दुव्याच्या) चौकटीत दोन-तीन रोमन शब्दांचा छोटा दुवा स्वतः लिहा. प्रसिद्ध केल्यानंतर तो बदलू नका, जुने दुवे मरतात.

फोनवर काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. रुंदी १,२०० ते १,६०० पिक्सेलवर आणली की तो दोन-तीनशे केबीत बसतो आणि खेड्यातल्या मंद नेटवर्कवरही उघडतो. फोटोत काय आहे याचे एक वाक्याचे पर्यायी वर्णन भरा, म्हणजे पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली) वापरणाऱ्या अंध वाचकालाही ते कळते. घरात काढलेल्या फोटोतून ठिकाणाची माहिती काढून टाका. ती फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांशासह दडलेली असू शकते. इंटरनेटवरून उचललेला फोटो वापरू नका. भारतात १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार लेखनावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो, आणि "साभार" असा शब्द लिहिल्याने परवानगी मिळत नाही. हाच कायदा तुमच्या लेखनाचेही रक्षण करतो, त्यासाठी वेगळी नोंदणी सक्तीची नाही.

७. माणसांविषयी लिहिताना

रोजच्या जगण्यावर लिहायचे म्हणजे शेजारी, नातेवाईक आणि कामावरची माणसे येणारच. सुरुवातीला आपले कोणी वाचत नाही असे वाटते, आणि ते खरेही असते. नेमकी ज्याने वाचू नये तो एकच माणूस वाचतो.

पाण्याच्या पाळीवरून समोरच्या घरात झालेले सासू-सुनेचे भांडण मी एकदा गमतीने लिहिले होते. नाव घातले नव्हते, परंतु निळा दरवाजा, दारातली शेवग्याची झाडे आणि दोन मोटरी एवढे लिहिल्यावर नाव कशाला हवे? त्या घरातल्या मुलाने ते घरच्यांना मोबाइलवर वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी मी सायकल काढत असताना त्या घरच्या अक्का दारात उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, "काय ओ भाऊ, आमच्या घरचं भांडण तुम्ही जगाला वाचायला दिलात की." मी नोंद त्याच रात्री काढली. त्यांनी पुढचे दोन महिने आमच्याकडे शेंगाचटणीचा डबा पाठवला नाही, ते मी समजू शकतो.

तेव्हापासून तीन गोष्टी पाळतो. ओळखता येईल अशा माणसाविषयी लिहिले तर प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याला वाचून दाखवतो, त्याची भाषा वेगळी असेल तर तोंडी सांगतो. आजार, पैसा, लग्न जुळणे-मोडणे आणि लहान मुले या विषयांत परवानगी असली तरी हात आखडता घेतो. कारखान्यातला मागाचा खडखडाट किंवा बॉयलरजवळचा उकाडा लिहितो, पण ऑर्डर, दर आणि मालकांचे व्यवहार कधीही लिहीत नाही, कारण ती माहिती मला पगारापोटी कळलेली असते. एखाद्या व्यक्तीवर किंवा कार्यालयावर रागाच्या भरात लिहिलेली नोंद तीन दिवस मसुद्यात ठेवा. पुरावा नसलेला आरोप बदनामीच्या खटल्यापर्यंत जाऊ शकतो.

८. वाचकांपर्यंत पोहोचताना

नव्या नोंदीचा दुवा प्रत्येक व्हॉट्सॲप गटात टाकू नका. गावातल्या तीन-चार जाणत्या वाचकांना स्वतंत्रपणे पाठवा. ईमेलने किंवा आरएसएसने (नव्या नोंदी वाचकाच्या ॲपमध्ये आपोआप पोहोचवणाऱ्या सोयीने) नोंद मिळण्याची सोय ठेवा, गूगल सर्च कन्सोल या गूगलच्या शोधाशी संबंधित साधनात ब्लॉगची एकदा नोंद करा आणि भेटींचा आकडा महिन्यातून एकदाच पाहा. जाहिरातींतून पैसे मिळतील का, असा प्रश्न हमखास येतो. माझ्या ब्लॉगने डोमेनचा खर्चही कधी भरून काढलेला नाही.

९. प्रत आपल्या घरी ठेवा

मोठ्या कंपन्यांच्या सेवाही बंद पडतात. याहूची जिओसिटीज २००९ मध्ये, गूगल रीडर २०१३ मध्ये आणि सामान्य वापरकर्त्यांसाठीचे गूगल प्लस २०१९ मध्ये बंद झाले. दर तीन महिन्यांनी ब्लॉगच्या सेटिंगमधून बॅकअप उतरवा, वर्डप्रेस असल्यास साधनांमधल्या निर्यातीतून. या फाइलमध्ये मजकूर असतो, फोटो नसतात, फक्त त्यांचे दुवे असतात. हे मला फार उशिरा कळले. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, नोंदीची तारीख नावात घालून ठेवा आणि दोन्ही पेन ड्राइव्हवर घ्या. घरातल्या एका विश्वासू माणसाला खाते कसे उघडायचे ते लिहून ठेवा.

वर्षाच्या शेवटी मी सगळ्या नोंदी छापून त्यांची वही बांधतो. आईला मोबाइलवर वाचता येत नाही, तिच्यासाठी हा उद्योग सुरू झाला. झेरॉक्सच्या दुकानात देताना अक्षर चौदाच्या खाली नको आणि डावीकडे दीड इंच समास सोडा असे बजावून सांगा, कारण स्पायरल मारताना ओळींची पहिली अक्षरे भोकांत जातात.